शरणम्मांचा डबा जर्मनीला जातो

मित्रांनो, डबा हातात आला की तुम्ही काय करता? आधी झाकण उघडून आत बघता. आत लाडू निघाले तर डबा चांगला आणि कारल्याची भाजी निघाली तर डबा वाईट. डब्याचं स्वतःचं काही म्हणणं असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून आज मीच माझी हकीकत सांगायला बसलो आहे. मी एक जुना, गोल, कडीचा स्टीलचा डबा आहे. बुडाला एक पोचा आहे आणि झाकण जरा हट्टी आहे. पण मी जर्मनी बघून आलो आहे, आणि आमच्या फळीवरच्या एकाही पातेल्याला असं म्हणता येणार नाही. मी रोज एकदा तरी त्यांना याची आठवण करून देतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पत्रा असताना फारशी समज नसते. मला पहिलं आठवतं ते सोलापुरातल्या गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं मैदान. भांड्यांच्या एका स्टॉलवर मी ताटांच्या शेजारी चकाकत बसलो होतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथं चनबसप्पा आले. त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर गिरणीच्या घरघराटात राहून त्यांची बोलायची सवयच गेली होती. त्यांनी मला उचललं, टिचकी मारली आणि काही न बोलता नाव घालणाऱ्या माणसापुढं ठेवलं.

नाव घालणारा होता तिप्पण्णा. त्या वेळी तो अगदी तरणा होता. मशीन हातात घेऊन त्यानं विचारलं, "कुणाचं नाव घालू, मालक?"

चनबसप्पांनी टोपी सारखी केली. डबा बायकोसाठी होता. पण त्यांच्या घरात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ते बायकोला "इल्ली बा" एवढंच म्हणायचे. कानडीत त्याचा अर्थ "इकडं ये". सगळ्या गल्लीला वाटायचं की बाईंचं नावच इल्लीबा आहे. आता मात्र नाव सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. ते इतक्या हळू बोलले की माझ्याही कानी पडलं नाही. तिप्पण्णा म्हणाला, "आं?" ते पुन्हा बोलले. बाजूला पाळण्याचा कर्णा वाजत होता. तिप्पण्णा म्हणाला, "जरा जोरात सांगा की, मालक." तेव्हा चनबसप्पांनी डोळे मिटले आणि गिरणीत पट्टा सुटल्यावर जसे ओरडायचे तसे ओरडले, "शरणम्मा!"

शेजारचा फुगेवाला वळून बघायला लागला. दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिप्पण्णानं माझ्या पोटावर अक्षरं कोरली: सौ. शरणम्मा हिस. चनबसप्पा. मला खूप गुदगुल्या झाल्या.

घरी आल्यावर शरणम्मांनी नाव वाचलं आणि त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. चनबसप्पांनी टोपी खुंटीला लावत सांगितलं, "दुकानदारानं घातलं. फुकट हुतं."

"फुकटचं काय सोडत न्हाईत तुमी," असं म्हणून शरणम्मा मला घासायला घेऊन गेल्या. मित्रांनो, मला एवढं मोठं तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं.

पुढं मी वीस वर्षं मान मोडून काम केलं. खारवड्या, ज्वारीचं पीठ, लाडू, एकदा तर चुकून पापडखार. त्यांची मुलगी सिद्धेश्वरी माझ्यावर उभी राहून गुळाच्या बरणीपर्यंत पोचायची, तेव्हाचा तो पोचा. नंतर सिद्धेश्वरी लग्न होऊन कलबुर्गीला गेली, आणि सहा वर्षांपूर्वी चनबसप्पा गेले. त्यानंतर शरणम्मा मला घासताना त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायला लागल्या. शेजारच्या ऋतुजाच्या आईला एकदा म्हणाल्या, "आयुष्यात एकदा बी नावानं हाक मारली न्हाई बघा ह्यांनी. डब्यावर हाय तेवढंच. ते बी दुकानदाराचं."

मी फळीवर होतो. मला सगळं ठाऊक होतं. पण झाकण लावलेल्या डब्याचं कोण ऐकतं?

आता ऋतुजाच्या घराबद्दल सांगतो. भिंतीला भिंत लागून घर. तिचे वडील जोतीराम मूळ सांगोल्याकडचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांचे जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. या दोन घरांत पंधरा वर्षं माझी ये-जा चालू होती. आमच्याकडचा नियम तुम्हाला माहीत असेलच. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. शेंगा, चार लिंबं, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. या नियमापायी मी पंधरा वर्षांत कधी रिकाम्या पोटी उंबरा ओलांडला नाही, आणि याच नियमानं पुढं माझा घात केला.

ऋतुजाला जर्मनीतल्या ड्रेस्डेन गावी कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. शरणम्मांनी माझ्यात गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, भरून तिचं तोंड गोड केलं. ऋतुजाच्या आईनं मला धुतलं, उखळात शेंगाची चटणी कुटली आणि काठोकाठ भरून ओट्यावर ठेवलं. सकाळी शरणम्मांना परत द्यायचं म्हणून. पण संध्याकाळी जोतीराम बॅग भरायला बसले. त्यांना मागात एक धागा सैल खपत नाही, तर बॅगेत मोकळी जागा कुठून खपेल? ओट्यावर चटणीचा भरलेला डबा दिसला. पोरगी परदेशी निघाली आहे आणि ओट्यावर चटणी आहे, मग ती दुसऱ्या कुणाची असणार? त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि बॅगेत ठोकून बसवलं. दुसऱ्या दिवशी मी विमानात होतो.

घरी ऋतुजाच्या आईला पोरीच्या आठवणीनं रडण्यात काही सुचत नव्हतं. डबा ओट्यावर नाही म्हणजे आपण तो देऊन आलो, असं ती धरून चालली. इकडं शरणम्मा वाट बघत होत्या. पण डबा तोंडानं मागायचा नसतो, हाही एक नियम आहे. पहिले पंधरा दिवस त्या गप्प राहिल्या. मग म्हणायला लागल्या, "आमच्याकडं बी एक कडीचा डबा हुता." ऋतुजाची आई म्हणायची, "कडीचे डबे चांगलेच असत्यात." पाच आठवड्यांत दोघींचं बोलणं "व्हय" आणि "न्हाय" यांवर आलं. पंधरा वर्षांचा शेजार एका डब्यावरून मोडायला आला होता. हे सगळं मला नंतर कळलं.

मी तेव्हा ड्रेस्डेनमध्ये ऋतुजाच्या खोलीत मजेत होतो. तिथल्या बेचव बटाट्यांवर माझ्यातली चमचाभर चटणी पडली की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. अर्धं तिखटाचं, अर्धं घरचं. तिच्या खोलीत बार्शीची वैष्णवी राहायची. ऑक्टोबरात एका शुक्रवारी दोघींनी ठरवलं की शनिवार-रविवार कुठंतरी फिरून यायचं. नदीकाठी, उंच सुळक्यांच्या डोंगरात, एका लहान गावात हेल्गाबाई नावाच्या सत्तरीच्या बाई घरातली एक खोली पाहुण्यांना देत. तिथं जायचं ठरलं. सोबत कडक भाकरी आणि मी.

शनिवारी सकाळी आम्ही डोंगर चढलो. म्हणजे त्या चढल्या, मी पाठीवर होतो. वर गेल्यावर वैष्णवी म्हणाली, "आपल्या रामलिंगाच्या डोंगरासारखंच हाय की." चारशे किलोमीटर असो नाहीतर सात हजार, बार्शीच्या माणसाला सगळीकडं बार्शीच दिसते. उतरताना पाऊस आला. थांबा अजून अर्ध्या कोसावर होता आणि मागून बस येताना दिसली. ऋतुजानं आपल्याकडच्यासारखा रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला. आपल्याकडं हात केला की बस थांबते, ड्रायव्हर ओळखीचा असला तर चहालाही थांबते. त्या ड्रायव्हरनं मात्र हसून उलट हात हलवला आणि बस निघून गेली.

"टाटा केलं की गं त्यानं!" ऋतुजा ओरडली.

शनिवारची ती शेवटची बस होती. दोघी भिजत, कुडकुडत तासभर चालल्या. शेवटी एक पिवळी, खेळण्याएवढी मोटार समोरून आली. पोरी अजून पोचल्या नाहीत म्हणून हेल्गाबाई स्वतः शोधायला निघाल्या होत्या. त्यांनी दोघींना घरी नेलं, डोकी पुसायला टॉवेल दिले, गरम सूप दिलं. ऋतुजाचा ऊर भरून आला. तिनं मला दोन्ही हातांत धरून हेल्गाबाईंपुढं केलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "हे तुमच्यासाठी."

मित्रांनो, तुम्हाला आणि मला याचा अर्थ कळतो. वाटीभर चटणी काढून घ्या आणि डबा परत द्या. पण हेल्गाबाईंच्या देशात दिलं म्हणजे दिलं. त्यांनी मला छातीशी धरलं, तीनदा आभार मानले, आत नेलं, चटणी काचेच्या बरणीत काढली, मला धुऊन पुसून लख्ख केलं आणि माझ्यात सुया, बटणं आणि दोऱ्याची रिळं भरून समोरच्या खोलीच्या खिडकीत, फुलांच्या कुंडीशेजारी ठेवलं. खरं सांगू? जागा झकास होती. सोलापूरला मी कधी पडदा असलेल्या खिडकीत बसलो नव्हतो. कडक भाकरीला त्यांनी ताटली समजून तिच्यावर कप ठेवला, तेव्हा मला हसू आवरेना.

ऋतुजा हळूच म्हणाली, "आईला सांगते, एक डबा गेला म्हणून." तोवर तिला तो आपल्याच घरचा वाटत होता; माझ्या पोटावरची अक्षरं तिनं कधी नीट वाचली नव्हती. तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं रात्रीची जेवणं झाली होती. नेमक्या त्याच वेळी शरणम्मा विरजण मागायला आल्या होत्या. ऋतुजा फोन फिरवून घर दाखवत होती. "ही शेगडी, ही कुंडी, ही खिडकी..."

"थांब, थांब!" शरणम्मांचा आवाज आला. "खिडकी परत दाव. अय्यो देवरे! ह्यो तर माजा डबा हाय की!"

मग ऋतुजाची आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "अक्का, मला खरंच ठावं न्हवतं ओ. ह्यांनीच घातला आसंल बॅगेत."

मागून जोतीराम म्हणाले, "जागा हुती की."

"पाच हप्ते मी खिडकीत उभी ऱ्हाऊन वाट बघायलीय," शरणम्मा म्हणाल्या, "अन् डबा जर्मनीच्या खिडकीत बसलाय! अन् त्यात दोरा? माज्या हुग्गीच्या डब्यात दोरा?" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ऋतुजा, दुसरं काय बी ठेव त्या बाईकडं. ह्यांनी माज्यासाठी आणलेला तेवढाच हाय. तो घरी यायला पायजे, बाळ."

फोन बंद झाला. ऋतुजा पलंगावर बसून राहिली. वैष्णवी म्हणाली, "सरळ माग की."

"दिलेलं परत मागत्यात व्हय? म्हातारीनं पावसात गाडी काढली आपल्यासाठी."

"मग?"

मग जे ठरलं ते सांगताना मला अजून लाज वाटते. रविवारी सकाळी सहाला ऋतुजा पाय न वाजवता खिडकीशी आली. हातात आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा होता. बेत असा, की सुया-दोरे त्यात भरायचे, त्याला माझ्या जागी ठेवायचं आणि मला चादरीखाली लपवून न्यायचं. जणू हेल्गाबाईंना स्टील आणि आइस्क्रीम यांतला फरक कळणार नव्हता. मी मदत म्हणून गप्प राहायचं ठरवलं होतं. पण माझं झाकण हट्टी. ऋतुजानं जोर लावला, झाकण सुटलं, फरशीवर पडलं आणि सबंध घराला एक फेरी मारून हेल्गाबाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. त्या पहाटेपासूनच स्वयंपाकघरात पाव भाजत होत्या.

ऋतुजाच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा डबा, खांद्यावर चादर. हेल्गाबाईंनी तिघांकडं बघितलं. मग विचारलं, "बटण तुटलं का?"

केवढी सोपी वाट होती! "हो" म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ऋतुजाला रडू फुटलं. तिनं माझ्या पोटावरची अक्षरं दाखवली आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "हे शेजारच्या बाईंचं नाव आहे. हे त्या बाईच्या नवऱ्याचं. त्यानं तिला दिलेला हा डबा. तो आता नाही. डबा माझा नाही. माझ्या आईनं परत द्यायला भरला होता, कारण आमच्याकडं डबा रिकामा देत नाहीत. वडिलांना वाटलं, भरलाय म्हणजे माझा. मी तुम्हाला दुसऱ्याचा डबा दिला आणि आता चोरत होते."

हेल्गाबाईंनी ती अक्षरं बोटांनी चाचपली. सुया, बटणं, रिळं एकेक काढून टेबलावर ठेवली आणि मला ऋतुजाच्या हातात दिलं. मी सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो, तोच त्यांनी मला परत हिसकावून घेतलं आणि आत निघून गेल्या. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला. मी तर म्हटलं, संपलं, आता जन्मभर बटणं सांभाळायची.

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. माझ्यात त्यांच्या परसातल्या सफरचंदांच्या सुकवलेल्या चकत्या गच्च भरलेल्या होत्या. "रिकामा देत नाहीत ना?" त्या म्हणाल्या. सात हजार किलोमीटरवरच्या बाईला आमचा नियम एकदा सांगून कळला. आमच्याच गल्लीत काही घरांना तो अजून कळलेला नाही. नावं घेत नाही.

पुढचे चार महिने माझी हजेरी चालायची. दर रविवारी शरणम्मा ऋतुजाच्या आईशेजारी बसून फोनवर म्हणायच्या, "दाव." ऋतुजा मला दाखवायची. "झाकण काढून दाव." ती झाकण काढायची. चकत्या मोजल्यासारख्या बघून झाल्या की दोघी चहा प्यायच्या आणि त्यांच्या गप्पा जमायच्या. वैष्णवीनं एकदा भूक लागली म्हणून दोन चकत्या खाल्ल्या, तर तिच्याशी ऋतुजा दिवसभर बोलली नाही.

फेब्रुवारीत ऋतुजा सुट्टीला आली. घरी पोचल्यावर ती मोठी बॅग न उघडता हातपिशवीतल्या मला घेऊन शेजारी गेली. मागोमाग तिची आई. शरणम्मांनी झाकण काढून एक चकती तोंडात टाकली. "आंबट हाय," त्या म्हणाल्या. "पर बाई चांगली हाय." मग त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि ऋतुजाला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, माझी गोष्ट इथं संपली.

पण शरणम्मा एकदम म्हणाल्या, "आता तिच्या घरी तू रिकाम्या हातानं जाशील व्हय? चल."

दुसऱ्या दिवशी त्या ऋतुजाला घेऊन मंगळवार पेठेत भांड्यांच्या दुकानात गेल्या. नमुना म्हणून मला काखोटीला मारलं होतं. अगदी माझ्यासारखा नवा डबा निवडला. फार चकचकीत होता, जरा शिष्ट वाटला. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंगं.

"काय नाव घालू, आक्का?"

"हेल्गाबाई हिस. शरणम्मा."

"हेल्गाबाई म्हंजे कुठल्या? होटगीच्या?"

"जर्मनीच्या."

त्यानं मान वर केली. मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्यानं मला उचललं, उन्हाकडं धरलं आणि हसायला लागला. "ही अक्षरं माजी हायेत की! गड्ड्यातली. गिरणीवाले मालक न्हवं का? अहो, ते गिऱ्हाईक मी जन्मात इसरायचो न्हाई."

मित्रांनो, तो तिप्पण्णा होता. माझं झाकण आपोआप थरथरलं.

"का?" शरणम्मांनी विचारलं.

"बायकोचं नाव सांगायला असे लाजले की बास. मी तीनदा इचारलं. तिसऱ्यांदा असं वरडले, असं वरडले, शेजारचा फुगेवाला बी वळून बघाया लागला."

शरणम्मा पायरीवरच बसल्या. "ते म्हनले, दुकानदारानं घातलं. फुकट."

"फुकट कुटलं? वर म्हनले, नीट घाल, पुसलं न्हाई पायजे."

पेठेत रिक्षा भोंगे वाजवत होत्या. ऋतुजा दुसरीकडं बघत डोळे पुसत होती. मग शरणम्मा हळूच म्हणाल्या, "काय वरडले? कसं वरडले ते सांग की."

तिप्पण्णानं मशीन खाली ठेवलं, इकडंतिकडं बघितलं आणि भर पेठेत ओरडला, "शरणम्मा!"

"व्हय," शरणम्मा म्हणाल्या. पदरानं तोंड झाकून त्या कितीतरी वेळ हसत होत्या आणि रडतही होत्या.

नवा डबा शेंगाची चटणी घेऊन जर्मनीला गेला आहे. तो रिकामा परत येणार नाही, याची मला खात्री आहे. मी फळीवर पूर्वीच्याच जागी आहे, आणि पातेली माझी हकीकत ऐकून कंटाळली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात ओट्याखाली, कोपऱ्यात, कुठंतरी शेजाऱ्याचा एखादा डबा नक्की पडलेला असेल. आजच शोधा आणि देऊन या. रिकामा नको, चिमूटभर साखर तरी घाला. आणि त्यावर नाव कोरलेलं असेल, तर ते नाव, तो माणूस समोर असताना, एकदा मोठ्यानं वाचा.